बाबांच्या नंबरावरचा ओटीपी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात तो मेल माझ्या नजरेला पडला. आवाज साठवून ठेवणारी एक साइट बंद होणार होती, आपापलं सामान उतरवून घ्या म्हणे. मेल तीन आठवडे जुना आणि मुदतीला दोन दिवस.

त्या साइटवर बाबांचं गाऱ्हाणं होतं. डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत गणपती बसला की बाबा उभे राहून मालवणीत देवाला गाऱ्हाणं घालायचे, सगळ्यांचं बरं कर म्हणून, आणि प्रत्येक वाक्याला आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचो. ते गेल्यापासून आम्ही रेकॉर्डिंग लावतो आणि हात जोडून तसंच ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. त्याची दुसरी प्रत मी काढलीच नव्हती. कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई मी, सांगायलाही लाज वाटते.

ऐकायला नुसती लिंक पुरायची, उतरवायला मात्र लॉगिन हवं, आणि ते करायला गेले तर ओटीपी बाबांच्या नंबरावर. रेशन, गॅस, माझं कॉलेज, सगळीकडे बाबांचाच नंबर द्यायचा ही आमच्या घरची रीत, आणि हे खातंही मीच तसं उघडलेलं. साइटवाल्यांना कळवलं तर ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं उत्तर आलं. मी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तो नंबर बंद कर म्हणून मीच आईचं डोकं खाल्लं होतं. आता भीत भीत तिलाच विचारलं. तिने फळीवरच्या पिठाच्या डब्यामागून बाबांचा बटणांचा फोन काढला, चार्ज केलेला.

“गावची माणसा ह्याच नंबरार फोन करतत. बंद कित्याक करू गो?”

मी पुन्हा ओटीपी मागवला, आणि बाबांच्या फोनवर मेसेज वाजला. आईने चष्मा लावून एकेक आकडा वाचला. गाऱ्हाणं लॅपटॉपवर उतरलं तेव्हा मी चक्क रडले, इतकं हायसं वाटलं. लगेच पेन ड्राइव्हवर घेतलं, मावशीलाही पाठवलं.

मग नवी साइट शोधली. पहिली मिनिटभराने आवाज तोडायची. दुसरी देवासमोर साबणाची जाहिरात घुसवायची. तिसरी बरी निघाली. तिने मोबाइल नंबर विचारला, मी माझा टाकायला लागले.

“त्यांचोच घाल,” मागून आई म्हणाली.

या वेळी मी वाद घातला नाही. बाबांचा नंबर मला पाठच होता.