परत येणाऱ्यांचा मजला

"तिला कशाला विचारायचं? ती कुठं काही बोलते! वरचा मजला आहे तसाच राहू दे."

हे माझ्याबद्दल होतं आणि मी ते ऐकायचं नव्हतं. पण आमच्या सासूबाई मोबाईल कानाला लावत नाहीत. त्या तो ताटासारखा हातात धरतात आणि आवाज फुल्ल ठेवतात. त्यामुळे कॅनडातून माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे स्नेहलवहिनी, जे हळूच म्हणाल्या ते मी भाकऱ्या थापता थापता ऐकलं, शेजारच्या काकूंनी ऐकलं आणि समोरच्या गोडाऊनच्या वॉचमनने ऐकलं नसेल तर तो ड्युटीवर नव्हता!

लग्नाला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. गप्प बसणाऱ्या बाईचं एक बरं असतं. ती बोलत नाही म्हणजे तिला ऐकूही येत नसणार, असं धरून लोक तिच्यासमोर काहीही बोलतात. त्यामुळे गेल्या आठ महिन्यांत माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय नव्याला जागा नाही. आणि जागेचा प्रश्न आमच्या घरात आधीच मोठा आहे.

कोन गावात, कल्याण-भिवंडी रोडपासून थोडं आत आमचं घर आहे. शेत होतं तिथे गोडाऊन झालं आणि गोडाऊनच्या भाड्यातून घर झालं. दोन मुलगे, दोन मजले. खालचा माझ्या नवऱ्याचा, रुपेशचा. वरचा मोठ्या दिरांचा. नरेशदादा अकरा वर्षं कॅनडात आहेत आणि दर वर्षी ते 'पुढच्या वर्षी' परत येतात.

वर मॉड्युलर किचन आहे, एसी आहे, टीव्हीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. खाली दोन खोल्या. एक आई-बाबांची, म्हणजे सासू-सासऱ्यांची, दुसरी आमची. आमची म्हणजे माझी, रुपेशची, पिठाच्या पिंपांची, सुक्या बोंबलांच्या डब्यांची आणि बाबांच्या व्यायामाच्या सायकलची, जिच्यावर बाबा फक्त टॉवेल वाळत घालतात. भल्या सकाळी आईंना भाकरीसाठी पीठ लागतं. त्या दाराबाहेर एकदा खोकतात आणि आत येतात. खोकला आणि दार यांच्या मधल्या वेळात नवीन लग्न झालेल्या माणसांना काय काय उरकावं लागतं, ते इथे लिहीत नाही.

"दादा आले ना, की बोलतो मी वरच्या मजल्याचं," रुपेश म्हणायचा.

*

दर रविवारी वरचा मजला 'चालवावा' लागतो. उभी गाडी अधूनमधून स्टार्ट करतात ना, तसा. आई कमरेची किल्ली देतात, मी वर जाते. सगळे नळ सोडायचे, फ्लश ओढायचा, गीझर तापवायचा, पंखे फिरवायचे, एसी लावायचा. रिकाम्या घरात मी एकटी गरम पाणी आणि थंड हवा सोडत बसते. मग व्हिडिओ कॉल करून वहिनींना दाखवायचं, की सगळं चालतंय.

एका रविवारी कॅमेरा सोफ्यावरून फिरला. सोफाही अर्थात प्लास्टिकमध्येच!

"थांब, थांब! मागे घे. केतकी, सोफ्यावर कुणी बसलं होतं का गं?"

प्लास्टिकवर खळगा पडला होता. मी पाच मिनिटं बसले होते. मी गप्प. नेहमीसारखीच.

मागून रुपेश म्हणाला, "एसीच्या हवेनं दबला असेल, वहिनी!"

आठ महिन्यांत माझ्यासाठी तो एवढाच लढलाय.

*

डिसेंबरात सगळे आले. दादा, वहिनी आणि नऊ वर्षांची मायरा. या खेपेला नुसती सुट्टी नव्हती, 'ट्रायल' होती. इथलं माणूस राहतं तसं सहा आठवडे राहून बघायचं आणि जायच्या आधी काय ते नक्की करायचं.

मी वर चादरी घालून ठेवल्या होत्या. वहिनी जिन्यातच थांबल्या.

"अगं, वर नको! परत येऊ तेव्हा पूजा घालून राहायला जाऊ. आत्ताच वापरलं तर जुनं होईल ना सगळं."

मग त्यांनी आमची खोली घेतली. आम्ही हॉलमध्ये. बाबांच्या बातम्या संपल्या की आमची बेडरूम सुरू. वरचा अख्खा मजला रिकामा आणि खाली सात माणसं, त्यातली दोन टीव्हीसमोर आडवी!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दाराबाहेर खोकल्या आणि पिठासाठी आत गेल्या. दादा कॉटवरून ताडकन उठले.

"आई! नॉक तरी कर!"

"खोकले ना रं मी!"

परत येण्याच्या विरोधात पहिलं मत पिठाच्या पिंपाने दिलं.

*

दादांना गाडी स्वतः चालवून बघायची होती. "जमतं का बघू अजून," म्हणाले. मायराला चीज हवं होतं, म्हणून भिवंडीला निघाले. मी शेजारी, रस्ता दाखवायला. म्हणजे त्यांच्या गावचा रस्ता त्यांना दाखवायला.

रोडला लागलो आणि पुढे एक कंटेनर आला. दादा मागे थांबले. आमच्या डावीकडून रिक्षा गेल्या, उजवीकडून टेम्पो गेले, एक माणूस हातगाडी घेऊन गेला. दादा हलले नाहीत.

"हाच प्रॉब्लेम आहे या देशाचा. कुणी लेनमध्ये थांबतच नाही. मी थांबणार. आपण बदललो नाही तर काही बदलणार नाही."

आम्ही थांबलो. मी दोनदा बोलायला तोंड उघडलं, पण ते लेनबद्दल बोलत होते. शेवटी कडेचा चहावाला आला आणि त्याने काच वाजवली.

"शेठ, चाय लाऊँ? वो तो परसों से खड़ा है. ड्राइवर गाँव गया है."

*

मग मायराच्या शाळेचं. भिवंडीतली एक नवीकोरी इंग्लिश मीडियम शाळा बघायला वहिनी, मायरा आणि मी गेलो. वहिनींना एकच काळजी होती, मराठी सक्तीचं आहे आणि पोरीला ते झेपेल का? वहिनी मूळच्या डोंबिवलीच्या, त्यांचं मराठी पुस्तकात असतं तसं आहे. पण कॅनडात त्या पोरीशी इंग्लिशच बोलतात.

प्रिन्सिपल मॅडमनी हसून विचारलं, "बाळा, मराठी येतं का? नाव सांग बघू तुझं."

मायरा म्हणाली, "माजा नाव मायरा हाय. तुजा काय हाय?"

झालं! आजीच्या ताटासारख्या धरलेल्या फोनमधून पोरीने अख्खी भाषा उचलली होती. मॅडमनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसून घेतलं आणि विचारलं, "शाळा आवडली का?"

"बरी हाय. पन बाथरूम नाय चांगला."

मॅडम म्हणाल्या, हिची अॅडमिशन झाली म्हणून समजा, मराठीची काही चिंता नाही. बाहेर येऊन वहिनींनी गॉगल लावला.

"ही शाळा नको गं. इथे भाषा बिघडेल तिची."

*

एका रविवारी सगळे अकलोलीला गेलो, गरम पाण्याच्या कुंडांवर. सुरुवातीला दादा कडेला उभे राहून विचारत होते, पाणी कोण टेस्ट करतं, कधी करतं. बाबा केव्हाच गळ्यापर्यंत पाण्यात जाऊन बसले होते. शेवटी दादा उतरले. बसले. डोळे मिटले. त्यांचा चेहरा असा सैल पडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

मग डोळे न उघडताच म्हणाले, "बाबा, ठरलं. मी परत येतोय."

बाबा म्हणाले, "आदी भायेर तं ये."

गाडीत बसल्या बसल्या आईंनी फोन ताटासारखा धरला. मावशीला, आत्याला, कल्याणच्या मामांना, सगळ्यांना सांगून झालं. "नरेश येतोय! कायमचा!" मीही मनात हिशेब केला. ते वर गेले, की निदान आमची खोली तरी आम्हाला मिळेल. पिंपांसकट का होईना!

मागे वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. दादांची आणि त्यांची एकदा नजरानजर झाली, तेवढी मला आरशात दिसली.

अंबाडी नाक्यावर ट्रॅफिक तुंबलं. अंबाडी माझं माहेर, आणि मायराला बाथरूमला जायचं होतं, म्हणून सगळे आमच्याकडेच उतरले. माझ्या आईने चहा टाकला आणि मला स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेतलं.

"खोली मिळाली का गं तुम्हाला?"

"हॉल मिळाला."

"अगं मग बोल की! तोंड दिलंय ना देवानं?"

"रुपेश बोलणार आहे."

आईने माझ्याकडे बघितलं आणि साखर जरा जास्तच जोरात ढवळली.

बाहेर तिने कप देता देता विचारलं, "मग नरेशराव, कधी येताय परत?"

"बघू. अजून तसं काही नक्की नाही."

अकलोलीत ठरलं ते अंबाडीपर्यंतच टिकलं. परतीच्या वाटेवर आईंना पुन्हा सगळ्यांना फोन लावावे लागले.

*

जायला आठवडा राहिला तेव्हा रुपेशने हिंमत केली. "आज बोलतोच," म्हणाला, केसांना पाणी लावलं आणि दादांना घेऊन वरच्या मजल्यावर गेला. तासभर दोघं वरच. मी कपड्यांच्या घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या.

खाली आला.

"काय म्हणाले?"

"वरती रंग काढायला झालाय म्हणतात."

"बरं. आणि आपलं?"

"मीच काढून घेणार आहे. त्यांना आवडेल तो."

*

मग बॅगा भरणं. परदेशातल्या माणसांकडे बॅग लटकवून वजन करायचा एक काटा असतो. तो काटा दोन दिवस आमच्या घराचा मालक होता. वहिनी बॅग उचलायच्या, आकडा बघायच्या आणि आईंचे बोंबील बाहेर काढायच्या. त्यांची पाठ वळली, की आई ते परत आत घालायच्या. एकाच पिशवीतले बोंबील चार वेळा कॅनडाला निघाले आणि चार वेळा परत आले.

शेवटी वहिनी थकल्या. त्यांनी बॅगेतून फरचे गुडघ्यापर्यंतचे बूट काढले. बर्फातले. मायराचे आणि त्यांचे, दोन्ही जोड.

"हे वर नेऊन ठेव गं, केतकी. परत आलो की लागतील."

भिवंडीत!

मी बूट घेऊन वर गेले. आईही मागोमाग आल्या, किल्ली त्यांच्याकडे होती ना. बूट कपाटात ठेवले. आई प्लास्टिकच्या सोफ्याकडे बघत उभ्या होत्या.

"नाय यायचा तो," त्या एकदम म्हणाल्या. "मना काय कलत नाय व्हय? पन वर त्याचा मजला हाय तवर फोन तं येतो. नळाला पानी आलं का, भिंतीला ओल हाय का, इचारतो तं. मजला गेला तं काय इचारील?"

मी कपाट लावलं आणि सोफ्यावरचं प्लास्टिक हाताने सारखं केलं.

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळे हॉलमध्ये जमले, म्हणजे आमच्या बेडरूममध्ये. बाबांनी टीव्ही बंद केला. आमच्या घरात संध्याकाळी टीव्ही फक्त कुणी गेलं तर बंद होतो, त्यामुळे मायराने घाबरून विचारलं, "आजी, कोन मेला?"

दादांनी घसा साफ केला.

"बाबा, आम्ही सगळ्या बाजूंनी विचार केला. ट्रायल पण झाली. तर असं ठरवलंय, की मायराची शाळा तिकडेच पूर्ण होऊ दे. मग बघू."

मायरा चौथीत आहे.

आई पदराने नाक पुसत "हां, हां" म्हणाल्या. बाबा रिमोट चाचपू लागले. वहिनींना ते बघवलं नसावं, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पण आई, आम्ही येणार नक्की. तोपर्यंत वरचं आहे तसंच राहू दे. मोकळं. आपली जागा तयार आहे म्हटलं, की आम्हालाही तिकडे बरं वाटतं."

रुपेशने दादांकडे बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणाला, "रंग कुठला सांगितलात, दादा? ऑफ व्हाइट ना?"

वहिनींना वाटलं असावं, की निदान आज तरी सगळ्यांना विचारावं. त्या माझ्याकडे वळल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "केतकी, तुझं काय मत गं? सहा आठवडे झाले, तू काही बोललीच नाहीस."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. आईंकडे बघितलं. त्यांचा हात कमरेच्या किल्लीवर होता.

"वहिनी, तुम्ही जरूर या," मी म्हणाले. "फक्त नक्की झालं की आईंना फोन करा. आम्ही त्याच दिवशी वरून खाली राहायला येऊ."