सायनाइडची टाकी

बी.एस्सी. झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती खालापूरकडच्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात. आमच्या गावाहून, कशेळ्याहून, जीपने कर्जत, तिथून पुढे कंपनीची गाडी. तिथे लोखंडी भागांवर तांबं आणि जस्त चढवत. त्या कामाला सायनाइड लागतं आणि भाग धुतलेलं पाणी ते विष घेऊनच टाकीत येतं. ते विष मोडायचं काम आमच्या मॅडमचं. कर्जतच्या, पन्नाशीतल्या, बोलणं अगदी मोजकं. पहिल्याच दिवशी मला टाकीपाशी नेऊन म्हणाल्या, "आधी कॉस्टिक सोडा, मग हायपो. ॲसिडचा कॅन या भिंतीच्या अलीकडे आणायचा नाही. या पाण्यात ते पडलं तर असा विषारी वायू सुटेल, की पळायलाही वेळ मिळणार नाही."

मे महिन्यातल्या एका दुपारी ऑपरेटर धावत आला. "मॅडम, किती बी हायपो घाला, कागद निळा व्हत नाय!"

हायपो म्हणजे क्लोरीनचं द्रावण; त्यातला क्लोरीन सायनाइड मोडून पाण्यात उरला की चाचणीचा कागद निळा होतो. तो पांढराच राहिला, म्हणजे क्लोरीन संपला आणि सायनाइड अजून शिल्लक. उन्हात पडून हायपोचा जोर गेला होता. टाकी तर काठोकाठ आलेली. मॅडमनी सरळ प्लेटिंगची लाइन बंद करायला लावली.

शेठ तरातरा आले. संध्याकाळी माल जायचा होता. "थोडं पाणी सोडा ना ओढ्यात. पुढे नदीत मिसळून जाईल."

"ओढ्यावर गुरं पाणी पितात, शेठ. लोक भाजी लावतात. मी नाही सोडणार."

"कारखाना माझा आहे, मॅडम."

"हो. आणि टाकीची जबाबदारी माझी."

त्यांनी एक खुर्ची ओढली आणि टाकीचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्या व्हॉल्व्हसमोर बसल्या.  शेवटी शेठनीच ताज्या हायपोसाठी रसायनीच्या कंपनीला फोन लावला.

ताज्या हायपोचा टेंपो आला. मॅडमनी स्वतः उभं राहून घालायला लावलं, पाणी ढवळून घेतलं. कागद गडद निळा झाला, तरी त्यांचं समाधान नाही. प्रयोगशाळेत नमुना तपासला आणि मगच व्हॉल्व्ह उघडायला सांगितला.

घरी निघताना मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली गं. पाय लटपटत होते, म्हणून तर खुर्ची घेतली."

माल दुसऱ्या दिवशी गेला. पावसाळ्याआधी शेठनी हायपोच्या कॅनवर शेड घातली आणि शेजारी दुसरी टाकी बांधायला घेतली. ती कुठे, केवढी हवी, हे गवंड्याला मॅडमनीच दाखवलं.