रतनबाईच्या दगडी भिंती

कर्जतकडचं कोरडवाहू रान दिराच्या हवाली करून रतनबाई नवऱ्यासोबत भिंगारला आली. सहादेव बैलगाडीनं खाणीतला दगड वाहायचा. आठवड्याला एक खेप विकत घ्यायची आणि आपल्या जागेवर टाकायची, असा नेम तिनं घातला आणि दहा वर्षांत चार खोल्यांची चाळ उभी केली. चुना परवडेना, म्हणून बाहेरून मातीचा गिलावा केला. छावणीतले तीन कारकून आणि शाळेतले विष्णुपंत मास्तर भाड्यानं राहायला आले.

१९४३ साली लढाईच्या सामानासाठी सरकारनं चाळ ताब्यात घेतली. कारकुनांनी बिऱ्हाडं हलवली. मास्तरांना कुठं जागा मिळेना, तेव्हा रतनबाईनं आपल्या राहत्या घराच्या ओसरीवर आडोसा करून दिला.

महिन्याभरानं सरकारी भाड्याचा हुकूम आला. मास्तरांनी वाचून दाखवला. "भिंती मातीच्या, बांधकाम कच्चं, असं लिहिलंय. भाडं आम्ही देत होतो त्याच्या निम्मंसुद्धा नाही."

रतनबाई उठली आणि पेटीतून घरपट्टीचा कागद घेऊन आली. "आन् ह्यात?"

"यात पक्कं दगडी बांधकाम."

तिला हसूच फुटलं. "घेताना दगड आन् देताना माती, व्हय? मास्तर, अर्ज लिवा."

सहादेव मधे पडला. "सरकारशी वाकडं नगं. हाय ते घेऊ."

"वाकडं न्हाई, सरळच इचारायचंय," ती म्हणाली.

नगरच्या कचेरीत तिनं दोन्ही कागद साहेबापुढं शेजारी शेजारी ठेवले. साहेबाच्या कारकुनानं गोडीत सांगितलं, "बाई, कशाला ताणता? घरपट्टीवाल्यांकडं अर्ज करा, भिंती मातीच्या आहेत म्हणून. पट्टी कमी होईल, भाडं असू द्या."

क्षणभर तिलाही ते सोपं वाटलं. पण खांद्यावरून, डोक्यावरून चढवलेले ते दगड आठवले.

"न्हाई. पट्टी दगडाची भरीन, भाडं दगडाचं घेईन. पाहनीला आलेला मानूस दारातनंच माघारी गेला. साहेब, तुमीच एकदा या."

चौथ्या दिवशी साहेब खरंच आला. त्यानं छडीनं भिंत खरवडली, तशी माती भुरभुर गळाली. कारकून गालात हसला. रतनबाई काही बोलणार, तेवढ्यात मागं उभा असलेला सहादेव पुढं झाला. हातात पहार होती. त्यानं आपल्याच भिंतीवर घाव घातला. गिलाव्याचा पोपडा सुटला, दुसऱ्या घावाला ठिणगी उडाली आणि आतला काळा दगड उघडा पडला.

"धा वर्सं मी वाह्यलाय, साहेब," तो म्हणाला. "वरची माती आमच्या गरिबीची हाय. भिंत दगडाची हाय."

साहेबानं आणखी तीन ठिकाणी ठोकून बघितलं आणि कारकुनाला आधीचा शेरा खोडायला लावला.

सुधारलेला हुकूम आला. भाडं जवळपास दुप्पट झालं होतं, तेही ताबा घेतल्या दिवसापासून. रतनबाईनं मागितलं होतं त्याहून थोडं कमीच. पण तिनं अंगठा उठवला. त्याच दिवाळीत शेजारचा मोकळ्या जागेचा तुकडा घेतला. सहादेवनं दगड आणायला गाडी जुंपली तेव्हा मास्तर म्हणाले, "पहिली खोली माझी हं, रतनबाई."

"तुमचीच," ती म्हणाली. "पन भाडं आधी ठरवू."