शेवटच्या टोकाचा नळ

लग्नानंतर मी मुलुंडच्या एका कारखान्यात केमिस्ट होते आणि राहायलाही कारखान्याच्याच वसाहतीत. पाणी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्याच तलावातून यायचं. ते तपासणं माझं काम.

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तलाव आटत गेला आणि उरलेलं पाणी वाटलेल्या कोथिंबिरीसारखं हिरवं झालं. आम्ही क्लोरिन वाढवलं. पण शेवाळ मेलं की त्यातून जे पाण्यात उतरतं त्यावर जंतू पोसतात, आणि क्लोरिनही त्यातच खर्ची पडतं. टाकीपाशी नमुन्यात तपासणीचे थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे क्लोरिन आहे. आमचं घर पाइपाच्या पार शेवटाला. माझ्या स्वयंपाकघरातलं पाणी पिवळं झालंच नाही. प्रयोगशाळेत त्याच पाण्यातले जंतू वाढलेले दिसले.

साहेबांना सांगितलं.

"मग काय करू? दुसरा तलाव आणू?" ते म्हणाले. चिडून नाही, थकून. त्यांच्याही घरी तेच पाणी.

घरोघरी जाऊन मी पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. बायका मान डोलवायच्या. एवढं रॉकेल कुठून आणायचं, हे मलाही सांगता येत नव्हतं. माझ्याकडे गॅस होता, पण सासूबाई मालवणकडच्या, विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या.

"मेलेला पाणी ता," त्या उकळलेल्या पाण्याला म्हणायच्या. "तान भागणा नाय."

"आई, नळाच्या पाण्यात जंतू आहेत. मी स्वतः पाहिलेत."

"बघलंस मा? मग मार त्यांका."

मी कामावर गेले की त्या नळाखाली तांब्या धरायच्या. नळाला कुलूप थोडंच लावता येतं?

एका दुपारी जुलाबांनी त्यांचे डोळे खोल गेले. हॉस्पिटलात सलाइन लावता लावता डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी तलावाचं सांगितलं. शेजारच्या दोन खाटांवर आमच्याच वसाहतीतली माणसं होती.

त्या वाचल्या, पण अंगात ताकद काही परत आली नाही. दीर येऊन त्यांना गावी घेऊन गेले. एसटीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझा हात धरला.

"तुझा काय चुकला नाय गो," त्या म्हणाल्या.

गाडी हलेपर्यंत मी तो हात धरून उभी होते.