मेस्त्रींचा पितळी कुतुबमिनार

आमचे मेस्त्री वस्तू तपासताना डोळे मिटून घेत. फिरत्या लेथवर कातून काढलेला पितळेचा तुकडा गरम असतानाच बोटांत फिरवत आणि म्हणत, "डोळा भिडस्त असतो रे. बोट तोंडावर सांगतं."

कल्याणात ज्या छापखान्यात आम्ही कामगार चळवळीची पत्रके छापत असू, त्याला लागूनच ते कामाला असलेला कारखाना. मी वीस वर्षांचा, अन्यायाविरुद्ध कायम पेटलेला. शाई ओली असतानाच मी पत्रक त्यांना वाचून दाखवी. एकदा वाक्य आले, 'गिरणीच्या फाटकावर हजारो कामगार एकवटले.'

"मोजलेस?" लेथ न थांबवता त्यांनी विचारले.

"मेस्त्री, ती भावना आहे!"

"मग भावनाच लिही की. तिला आकड्याची टोपी कशाला घालतोस?"

त्याच सुमारास ठाण्यात नवी तंत्रशाळा निघत होती. लेथ शिकवायला माणूस हवा होता. शिकवायची मेस्त्रींना फार हौस, पण चौथीत शाळा सुटलेली, दाखला कसलाच नाही. दाखल्याऐवजी आपले काम पुढे ठेवायचे, असे त्यांनी ठरवले. कॅलेंडरवरच्या चित्रावर कंपास लावून, भंगारातल्या पितळेचा ते वीतभर उंचीचा कुतुबमिनार घडवू लागले. पाच मजल्यांचे पाच तुकडे, एकावर एक घट्ट बसणारे. मिनाराच्या अंगावरचे उभे पट्टेसुद्धा त्यांनी एकेक करून कोरले.

मी चिडलो. "स्वराज्य आलं, मेस्त्री, आणि तुम्ही सुलतानाचा मनोरा बनवताय?"

"सुलतानाच्या हाताला चुना तरी लागला होता का रे? ज्यांच्या लागला, त्यांचा मनोरा."



चार महिन्यांनी मिनार उभा राहिला. मुलाखत तीन दिवसांवर होती. निर्वासितांच्या कॅम्पातले सायकलवाले लाला चाकाचा एक आस कातून घ्यायला आले. पंजाबातून उखडून आल्यावर कल्याणला येण्याआधी ते सहा महिने दिल्लीत, कुतुबमिनाराच्या सावलीत राहिले होते. मिनार दिसताच ते उकिडवे बसले, खालच्या मजल्याच्या पट्ट्यांवरून बोट फिरवले आणि हळूच म्हणाले, "मेस्त्रीजी, नीचे सब गोल नहीं है. एक गोल, एक नोकदार. एक गोल, एक नोकदार. और तीसरे पर सब नोकदार."

मेस्त्री कॅलेंडरकडे बघत राहिले. त्या धुरकट चित्रात काहीच कळत नव्हते. "लेथवाल्याला सगळं जग गोलच दिसतं," एवढेच ते बोलले आणि पितळ घासायची कानस शोधू लागले.

मी आडवा आलो. कानस एकदा घसरली तर चार महिने पाण्यात आणि ठाण्याची नोकरीही. "राहू द्या हो! ठाण्याच्या साहेबांनी कुठे दिल्ली पाहिलीय?"

"लालांनी पाहिलीय. आणि आता मलाही ठाऊक झालंय."

दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ते पट्टे टोकदार करत कानस चालवत होते. एक पट्टा झाला की डोळे मिटून बोट फिरवायचे, मग दुसरा. लाला बाजूला बसून मान डोलवत.

ठाण्याला मिनाराची पेटी मीच धरून नेली. साहेबांनी दाखला मागितला. मेस्त्रींनी धोतराच्या फडक्यातून मिनार काढून टेबलावर ठेवला.

"वा! अगदी हुबेहूब!"

"हुबेहूब नाही साहेब," मेस्त्री म्हणाले. "वरचा मजला अंदाजाने केलाय. तो जवळून पाहिलेला माणूस मला भेटला नाही."

मला वाटले, संपले. साहेबांनी मिनार उचलला, चष्मा काढला आणि खालच्या पट्ट्यांवरून सावकाश अंगठा फिरवला. एक गोल, एक नोकदार.

"रुजू कधी होता?"

कल्याण सोडताना मेस्त्रींनी ती झिजलेली कानस माझ्या हातात ठेवली. "घे. तुझ्या पत्रकांना लागेल."

पुढच्या सभेला मी फाटकाशी उभा राहून माणसे मोजली. दोनशे चौऱ्याऐंशी. तेवढीच छापली. माझे सोबती हिरमुसले. हजारांपुढे हा आकडा फारच केविलवाणा दिसत होता. पण दुसऱ्या दिवशी पत्रक वाटताना एका कामगाराने ते दोनदा वाचले.

"दोनशे चौऱ्याऐंशी? मला धरून का?"

"तुम्हाला धरून."

त्याने पत्रकाची नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. तोपर्यंत माझी पत्रके लोकांनी भजी बांधायलाच वापरली होती.