दादा लुथरन झाला तेव्हा

माझा दादा कवळ्या करायचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्याची खोली होती. गल्लीकडे उघडणारी एक खिडकी, तिच्याखाली लांब टेबल आणि टेबलावर प्लास्टरचे जबडे आ वासून ओळीनं बसलेले. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन मागे पाठवायचा. दादा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरड्या करायचा, त्यात एकेक दात रोवायचा, आणि सगळं मनासारखं जमलं की मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून ते शिजवायचा. मनासारखं सहसा जमायचं नाही. केसाइतका दात वाकडा बसला तरी हा पठ्ठ्या सगळं वितळवून पुन्हा सुरुवात करायचा. आमच्या भागातले निम्मे म्हातारे त्याच्या दातांनी हसत होते, आणि त्यातलं एकही हसू त्याला पसंत नव्हतं.

आमचं घर पक्कं कॅथलिक. देवळातली रविवारची मिस्सा चुकली असं मला आठवत नाही. पण दादाचं त्यातही जास्तच होतं. लोक महिन्या-दोन महिन्यांनी पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला जातात, हा दर शनिवारी जायचा. आई कौतुकानं सांगायची, "माझ्या थोरल्याला देवाची भीती आहे." भीतीच होती, दुसरं काही नव्हतं. पण ते तेव्हा आम्हाला कळलं नाही.

आमचा धाकटा अगदी उलट. तो रंगारी होता. मोठमोठ्या इमारतींना बाहेरून रंग द्यायचा, परांचीवर चढून शिट्ट्या मारायचा, आणि प्यायचा. एका बुधवारी भर दुपारी तो झोकांड्या खात दादाच्या खिडकीशी आला.

"दादा, दार उघड. दोन तास पडू दे इथे कोपऱ्यात. मग जातो कामावर."

पुढच्या खोलीत पेशंट बसलेले. दंतवैद्याचा आवाज येत होता. दादा म्हणाला, "या अवस्थेत आत नको. आधी शुद्धीवर ये, मग ये." आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

धाकटा कामावर गेला. चार वाजता पाचव्या मजल्यावरून पडला. ना फादर आले, ना पापनिवेदन झालं. जागच्या जागी संपला.

खिडकीची गोष्ट दादानं लपवली नाही. प्रेत घरी यायच्या आधीच त्यानं आईला सांगून टाकली. तिनं माळ हातात घेतली, आणि त्या दिवसापासून रोज दुपारी तीन ते चार, खुर्चीत ताठ बसून, ती धाकट्यासाठी प्रार्थना करायला लागली. आमच्यात मानतात की मेलेल्यांचे आत्मे स्वर्गात जाण्याआधी शुद्धिस्थानात होरपळतात, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनांनी त्यांची सुटका लवकर होते. आईनं ते काम अंगावर घेतलं. तेरा वर्षं. ताप असो, पाहुणे असोत, तीन वाजले की आई कामावर.

दादाचं मात्र उलटंच झालं. तो ते एकच पाप घेऊन पुन्हा पुन्हा फादरांकडे जायचा. फादर क्षमा द्यायचे, प्रायश्चित्त सांगायचे, हा ते मन लावून करायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. आपण नीट पश्चात्ताप केला नाही, असं त्याला वाटायचं. मग नीट पश्चात्ताप केला नाही याचंही पापनिवेदन. शेवटी एका शनिवारी फादरांचा पारा चढला. पापनिवेदनाच्या खोक्याच्या जाळीतून ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाहेर रांगेतल्या बायकांनीही ऐकलं. "अरे, देवाला कंटाळा आणलास तू! ती खिडकी घेऊन पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस."

बायकांनी ती गोष्ट गावभर केली. 'खिडकी' हे दादाचं टोपणनाव पडलं. मिस्सेला आला की कुणीतरी कुजबुजायचं, "खिडकी आली, वारा येईल आता." मीही एकदा हसले होते.

त्याच वर्षी लुथरन मंडळीचे, म्हणजे पोपला न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचे म्हातारे पाळक कवळीसाठी आले. हिरड्या झिजलेल्या, माप काही केल्या बसेना, म्हणून त्यांना मागे दादाच्या खोलीतच सहा-सात खेपा घालाव्या लागल्या. तोंडात मेण असताना त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून बोलायचा दादाच. अशीच एकदा त्यानं खिडकी सांगितली. पाळकांनी मेण तोंडातून काढलं, रुमालानं ओठ पुसले आणि म्हणाले, "क्षमा झाली आहे. तुम्ही पश्चात्ताप किती केलात त्यावर नाही, ती कृपा आहे. फुकट. तुम्ही फक्त विश्वास ठेवायचा."

"आणि काही करायचं नाही?"

"करण्यासारखं काही उरलेलंच नाही."

दादा नंतर मला म्हणाला, त्या रात्री तो नऊ तास झोपला. इतकी वर्षं तो झोपतच नव्हता हे मला तेव्हा कळलं.

तो दर बुधवारी पाळकांकडे शिकायला जायला लागला. वर्षभरानं, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्यांच्या त्या पांढऱ्या भिंतींच्या, मूर्ती नसलेल्या देवळात मंडळीसमोर उभा राहून त्यानं विश्वासाची कबुली दिली आणि तो लुथरन झाला. पुन्हा बाप्तिस्मा वगैरे नाही. मंडळी उठून उभी राहिली, कुणीतरी हात मिळवला, आणि घरी येऊन जेवताना त्यानं आईला तोंडावर सांगितलं.

आईनं उठून बेसिनपाशी जाऊन तोंडातली कवळी काढली. दादानंच केलेली ती, त्याच्या हातची सगळ्यात चांगली. धुतली, पुसली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"या दातांनी मी माझ्या देवाची स्तोत्रं म्हणणार नाही," ती म्हणाली. बोळक्या तोंडातून शब्द विचित्र आले, पण कळले.

त्यानंतर आई मरेपर्यंत पेज आणि दुधात भिजवलेला पाव यांवर राहिली. मी दुसऱ्याकडून कवळी करून घेऊ म्हटलं, तर तेही नको. दादानं रोज समोर बसून तिला हिरड्यांनी चघळताना बघावं, हीच तिची इच्छा होती. घरात दोघंच, पण ती त्याच्याशी थेट बोलेना. भिंतीकडे बघून म्हणायची, "त्याला सांगा, दूध उतू गेलं." आणि तो भिंतीकडे बघूनच म्हणायचा, "गॅस बंद केला म्हणावं."

मी काय कमी होते? माझ्या मुलीचं पहिलं कम्युनियन होतं, देवळात पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायचा सोहळा, तेव्हा मी त्याला फोन करून सांगितलं, "दादा, येऊ नकोस. लोक तिच्याऐवजी तुझ्याकडे बघतील." तो आला, पण आत नाही. बाहेर सायकली लावतात तिथे हातात कागदात गुंडाळलेली भेट घेऊन दीड तास उभा राहिला. मी ती भेट घेतली, त्याला आत बोलावलं नाही. नन्सच्या मठातून कवळ्यांचं काम यायचं, तेही बंद झालं.

या सगळ्यावर तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडायचाच नाही. चेहऱ्यावर एक शांतपणा आला होता, पोटभर जेवलेल्या माणसासारखा. तो बघून आमचं डोकं फिरायचं. आम्ही सगळे अजून फेडत होतो आणि हा मोकळा सुटला होता.

तो लुथरन झाल्यावर दोन वर्षांनी, एका रविवारी दुपारी, मी आईकडे बसले होते. पावणेतीन झाले होते. आई माळ शोधत होती. दादा सकाळच्या उपासनेचे बूट पुसत होता. आई भिंतीला म्हणाली, "एकानं भावाला खिडकीबाहेर ठेवून मारलं. आणि आता त्याच्यासाठी दोन शब्दही तोंडातून काढत नाही. त्याचा नवा देव एवढा साहेब झालाय."

हे ती शंभराव्यांदा म्हणाली असेल. पण त्या दिवशी दादानं बूट खाली ठेवला. रागानं नाही. आजाऱ्याला औषध समजावून सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "आई, शुद्धिस्थान नाहीच. तशी जागाच नाही. तुझी माळ धाकट्यापर्यंत पोचत नाही. तेरा वर्षं तू रिकाम्या खोलीशी बोलतेयस. सोड आता. आराम कर."

मी म्हटलं, "दादा, गप्प बस."

पण आई पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मग तो कुठे आहे?"

दादानं बूट पुन्हा हातात घेतला.

"तिथे नाही, तर कुठे आहे? तुला माहीत आहे ना सगळं? सांग."

"मला माहीत नाही, आई," दादा म्हणाला. "त्यानं विश्वास ठेवला होता की नाही, मला माहीत नाही."

तीन वाजले. आई खुर्चीत बसली, माळ मांडीवर. तिचे ओठ हलले नाहीत. चार वाजेपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मग तिनं माळ कपाटाच्या वरच्या खणात टाकली.

त्यानंतर रोज दुपारी ती त्याच खुर्चीत नुसती बसायची. तिला काम उरलं नव्हतं. तेरा वर्षं ती मुलाला एकेक मणी मोजून वर ओढत होती, आणि कुणीतरी येऊन सांगितलं होतं की बाई, दोराच्या दुसऱ्या टोकाला काही नाही. फादर येऊन गेले. "माउली, प्रार्थना करत राहा, त्याला गरज आहे." आई म्हणाली, "तुम्ही असंच म्हणणार. तुमचं दुकान आहे ते." आयुष्यात ती कधी फादरांशी अशी बोलली नव्हती. फादरांनी टोपी उचलली आणि गेले.

मी लुथरन पाळकांकडे गेले. दारातच ओरडले, "तुम्ही माझ्या भावाला हे शिकवलंत?" म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीवर बसला. "मी त्याला हे शिकवलं नाही," तो म्हणाला. "मेलेल्यांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो, एवढंच शिकवलं. आईसमोर हिशेब मांडायला नाही सांगितलं." तो काठी टेकत आमच्या घरी आला. आईनं दार उघडलं नाही. दाराआडून तो दहा मिनिटं देवाच्या दयेबद्दल बोलला. आतून एवढंच ऐकू आलं: "याचे दातही त्यानंच केलेत. ऐकू येतंय मला."

मग मी दादाला जिन्यात गाठलं.

"तिला सांग की धाकटा स्वर्गात आहे. एक वाक्य. तुझं काय जातंय?"

"मला माहीत नसलेलं सांगू?"

"हो, सांग. खोटं सांग. भावाला दार उघडलं नाहीस, आईला तरी उघड."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

तरी त्यानं ते वाक्य आईला सांगितलं नाही. तीन महिने सांगितलं नाही. आईनं खाणं कमी केलं, मग अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. शेवटच्या आठवड्यात दादा सुट्टी घेऊन तिच्याजवळ बसला. चमच्यानं पाणी पाजायचा, कूस बदलायचा, चादरी बदलायचा. ती त्याला करू देत होती, कारण दुसरं कोणी नव्हतं. मी औषधांच्या दुकानात कामाला होते, तिथून सुटल्यावरच यायचे.

गुरुवारी मी आले तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला होता. मला बघून थांबला नाही.

"आई, धाकटा स्वर्गात आहे. मला खात्री आहे. तो देवाजवळ आहे आणि तुझी वाट बघतोय."

आईनं डोळे उघडले. त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आवाज जेमतेम होता, पण प्रत्येक शब्द कळला.

"तू खोटं बोलतोस तेव्हा तुझा डावा कान लाल होतो. लहानपणापासून." श्वास घ्यायला ती थांबली. "मला मारायचं होतं तेव्हा खरं बोललास. आता मरतेय तर खोटं बोलतोस."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवसांनी गेली. या दोन दिवसांत फादर आले, त्यांनी मरणाऱ्याला लावतात ते पवित्र तेल लावलं. तिनं नको म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

अंत्यविधीला दादा शेवटच्या बाकावर बसला. खांदा द्यायला चुलत भावांनी त्याला पुढे येऊ दिलं नाही. मी त्यांना थांबवू शकले असते.

याला नऊ वर्षं झाली. दादा अजून कवळ्या करतो, अजून लुथरन आहे. म्हातारे पाळक गेले, नव्या पाळकबाई आल्या. रविवारी त्यांचं देऊळ उघडतो तो, झाडतो तो, त्या दिवशी म्हणायच्या स्तोत्रांचे आकडे फळीवर लावतो तो. महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो. मागच्या खेपेला मी त्याला विचारलंच. किती वर्षं विचारायचं होतं.

"दादा, आईचं जे केलंस, त्याची क्षमा झाली?"

तो चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाला, "हो."

ना आवाज कापला, ना नजर हलली. मग त्यानं माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

मी उठले, त्याचा अर्धा भरलेला कप उचलून मोरीत ओतला आणि म्हटलं, "ऊठ. तुझी बस चुकेल."

बसला अजून पाऊण तास होता. तो उठला, पायात बूट घातले आणि गेला.