खिशातलं दुसरं वर्ष

माणूस तोंडावरून ओळखणारे पुष्कळ असतात, चालीवरून ओळखणारेही असतात. कडक मावशी माणूस खिशावरून ओळखायची. या ओळखीचा तिला इतका ताठा होता, की गल्लीतली भली भली माणसं तिच्या पायरीवर आली की नकळत आपले खिसे चाचपून बघत.

चार मजली इमारतीच्या जिन्याखाली तिचं धुलाईचं आणि इस्त्रीचं दुकान होतं. मागच्या बाजूला कपडे धुण्याचं मोठं यंत्र दिवसभर गुरगुरत असे. पुढे कांबळं अंथरलेलं लांब टेबल, त्याच्या कडा जळून तपकिरी झालेल्या. छताच्या आकड्याला इस्त्रीची वायर टांगलेली. टेबलाच्या एका अंगाला ती उभी, दुसऱ्या अंगाला नवरा. ती इस्त्री फिरवायची, तो घडी घालायचा. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण या कामात अदलाबदल कधी झाली नाही. लोक त्याला घडीवाला म्हणत. तिला कडक म्हणत ते कॉलरमुळे की जिभेमुळे, हे ज्याने त्याने ठरवावं. मागे एक पडदा, पडद्यापलीकडे राहायची खोली, आणि खोलीत अभ्यासाला बसलेली त्यांची एकुलती एक मुलगी.

दुकानाचा एक नियम होता. खिसे उलटे केल्याशिवाय कपडा पाण्यात जायचा नाही. फार पूर्वी कुणाच्या तरी खिशातल्या पेनाने बारा पांढरे शर्ट निळे केले होते, तेव्हापासूनचा हा नियम. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक घरात काय शिजतंय हे मावशीला त्या घराच्या आधी कळायचं. जे सापडेल ते ती पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि कपड्यांबरोबर परत करायची. पण परत करण्याआधी त्याची कथा नवऱ्याला सांगायची, इस्त्रीच्या तालावर, यंत्राच्या आवाजाच्या वर आवाज काढून, पदरचं तिखटमीठ लावून. घडीवाला नुसता हं म्हणायचा.

त्या वर्षी गल्लीतल्या तीन घरांची मुलं एकदमच माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होती. पहिल्या वर्षी मुलं नवखी असतात, त्यांना कुणी फार छेडत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र वर्गाचे दोन भाग पडतात. एकात आकडेमोड आणि शास्त्र जास्त, दुसऱ्यात चित्रकला, सुतारकाम आणि शिवण. एवढीच गोष्ट. पण आईबापांचा आव असा, की मुलं शाळेत नाही, लढाईवर निघाली आहेत.

तिसऱ्या मजल्यावरच्या विमेवाल्याने सुट्टीतच मुलाला तीन शिकवण्या लावल्या आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर दाराएवढं वेळापत्रक टांगलं. त्यात जेवायला वीस मिनिटं होती आणि हसायला काहीच नव्हतं.

"पाया भक्कम पाहिजे, मावशी," तो शर्ट टाकता टाकता म्हणाला. "सगळं पायावर असतं."

तो गेल्यावर मावशीने इस्त्री उचलली. "पोरगं आहे का इमारत? उद्या त्याच्या डोक्यावर गच्ची बांधील हा माणूस."

"हं," घडीवाला म्हणाला.

त्या पोराच्या पॅंटच्या खिशात बसची तिकिटं सापडत. गेल्या वर्षी एखाददुसरं असायचं, या सुट्टीत रोजचं एक. सगळी शेवटच्या थांब्याची, आणि वेळ नेमकी शिकवणीची. पोरगं पुस्तकं घेऊन घरातून निघायचं, बसमध्ये खिडकीशी बसायचं आणि गाव संपेपर्यंत जाऊन परत यायचं. शिकवणीवाल्याला गर्दीत एक डोकं कमी झाल्याचा पत्ता नव्हता.

कोपऱ्यावरच्या औषधवालीची तऱ्हा वेगळी. तिचा विश्वास गोळ्यांवर. सकाळी स्मरणशक्तीची पिवळी, दुपारी डोळ्यांची, संध्याकाळी मन एकाग्र व्हावं म्हणून आणखी एक. लेकीला दुकानात उभी करून ती मावशीला म्हणाली, "बघा ना, महिन्याभरात चेहऱ्यावर तेज आलंय की नाही?"

"आलंय तर," मावशी म्हणाली. "आणि स्कर्टलासुद्धा आलंय."

औषधवाली कौतुकाने हसली, कारण तिला काही कळलं नाही. लेक हसली नाही. तिच्या स्कर्टच्या खिशातून आठवड्याला सात पिवळ्या गोळ्या निघत होत्या, वहीच्या कागदात नीट गुंडाळलेल्या.

मावशीने यातलं एक अक्षर कुणा आईबापाच्या कानावर घातलं नाही. कुणी विचारलंच नाही, आणि न विचारता सांगायला ती काही रस्त्यात पडलेली नव्हती. स्वतःच्या मुलीचा विषय निघाला, की तिची मान आणखी ताठ व्हायची. "आमची दहा वर्षांची झाल्यापासून आपले कपडे आपण धुते. इस्त्रीसुद्धा आपली आपण करते. तिच्या खिशाला मला हात लावायची वेळ येत नाही." हे वाक्य तिने गल्लीला इतक्यांदा ऐकवलं होतं, की गल्लीला ते पाठ होतं.

शाळा उघडायच्या आधी पालकांची सभा होती. विमेवाल्याला त्या दिवशी चौथी शिकवणी बघायला जायचं होतं. औषधवालीला नव्या गोळ्यांचा माल उतरवून घ्यायचा होता.

"तुम्ही जाताच आहात, मावशी, तर आमचंही बघा," विमेवाला म्हणाला. "काही लिहून मागितलं तर चांगलं लिहा."

"माझंही," औषधवाली म्हणाली. "तुम्ही घरच्यासारख्या."

मुलांची तयारी करण्यात आईबाप इतके गुंतले होते, की मुलांसाठी तासभर बसायला त्यांना सवड नव्हती. मावशी तीन घरांची पालक होऊन, पांढऱ्या कडक कॉलरीत, शाळेच्या बाकावर जाऊन बसली.

वर्गशिक्षिका शांत बाई होत्या. त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. त्यावर तीनच प्रश्न होते. मूल कशात रमतं? मूल कशाला घाबरतं? तुम्ही बघत नसताना ते काय करतं?

"मूल कुठल्या भागात जाईल ते मी यावरून ठरवणार आहे," बाई म्हणाल्या. "कागद कोरा आला तर जिथे जागा उरेल तिथे ते मूल जाईल. मग तक्रार घेऊन येऊ नका."

मावशीने तीन कागद मागून घेतले. बाईंनी भुवया उंचावल्या. "तिन्ही तुमचीच?"

"एक माझं. दोघांचे आईबाप तयारीत आहेत."

विमेवाल्याच्या मुलाचा कागद तिने एका दमात भरला. बसमध्ये रमतो. भिंतीवरच्या वेळापत्रकाला घाबरतो. कुणी बघत नसताना शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन येतो. औषधवालीच्या मुलीचाही तसाच. गोळ्या घेत नाही, पण आईचं मन मोडायला घाबरते, म्हणून टाकूनही देत नाही. आजूबाजूचे पालक पेन चावत बसले होते. मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते तिच्याकडे मळके कपडे घेऊन आले आहेत.

मग तिने तिसरा कागद ओढला आणि स्वतःच्या मुलीचं नाव लिहिलं. मूल कशात रमतं?

पेन थांबलं.

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मैदानाच्या कडेला एक उंच झाड सावली गोळा करून उभं होतं. ती दुसऱ्या प्रश्नाकडे गेली. तिथून तिसऱ्याकडे गेली. तिथून परत पहिल्याकडे आली. मुलगी वेळेवर उठते, वेळेवर निजते, पडद्याआड बसते. पण पडद्याआड ती काय करते? मावशीला दुसऱ्यांच्या पोरांचं चिटोरंन् चिटोरं ठाऊक होतं, आणि आपल्या पोरीबद्दल फक्त एवढंच, की तिचे खिसे आपल्या हाताखाली येत नाहीत.

कोरा कागद देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: अभ्यासात रमते. कशालाही घाबरत नाही. कुणी बघत असो वा नसो, सारखीच वागते.

बाईंनी तो कागद वाचला आणि ओळीने बसलेल्या पालकांकडे बोट दाखवलं. "हेच उत्तर मला आज यांच्यातल्या सव्वीस जणांनी दिलंय. अगदी हेच. तुमचे दुसरे दोन कागद वाचून मला वाटलं, आज एक तरी पालक भेटली." त्यांनी तिला एक नवा कोरा कागद दिला. "उद्या सकाळी आणा. त्यानंतर याद्या लागतील."

घरी येईपर्यंत तिची कॉलर घामाने मऊ पडली होती.

मुलगी मैत्रिणीकडे गेलेली. दाराआड हॅंगरला शाळेचे दोन स्कर्ट टांगलेले, स्वच्छ, कडक, दुकानातल्या कुठल्याही कपड्यापेक्षा सुरेख इस्त्री केलेले. मावशीने पडद्याबाहेर एकदा पाहिलं आणि पहिल्या स्कर्टच्या खिशात हात घातला.

हात आत गेलाच नाही.

खिशाचं तोंड शिवलेलं होतं. स्कर्टच्याच रंगाच्या दोऱ्याने, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. दुसऱ्या स्कर्टचंही तसंच. शर्टाचा छातीवरचा खिसासुद्धा. इतकं सफाईदार काम, की मावशीच्या नजरेला वर्षभर ते दिसलं नव्हतं, आणि दोऱ्याचा चुकार टाकाही वरच्या मजल्यावरून दिसतो अशी तिची शेखी होती.

"तिने गेल्या वर्षीच शिवले ते," मागून घडीवाला म्हणाला. "सुई मी ओवून दिली."

"कशाला?"

तो घडी घालत राहिला. बाही आत, बाही आत, मध्यावर एकदा. "विमेवाल्याच्या पोराचं पहिलं तिकीट सापडलं होतं तुला. दोन दिवस तू तोच किस्सा सांगत होतीस. आवाज काढून, नक्कल करून. पोरगी पडद्याआड होती. मला म्हणाली, बाबा, जाड सुई नको, बारीक द्या."

"आणि तू मला बोलला नाहीस."

"तू बोलत होतीस," घडीवाला म्हणाला.

सोळा वर्षांत त्याने तिच्यावर केलेला हा पहिला वार. तोही त्याने घडी घातल्यासारखा केला, हळू आणि बरोबर मध्यावर.

संध्याकाळी विमेवाला दाराशी उभा राहिला. बाईंनी त्याला फोन केला होता. त्याचा चेहरा लालभडक. मुलगीही नुकतीच परतून, टेबलावरचा शाळेचा कोरा कागद वाचून पडद्याआड गेलेली.

"काय लिहून आलात तुम्ही, मावशी? बसमध्ये रमतो?"

"खिशात होतं ते लिहिलं."

"कुणी सांगितलं होतं खिशात हात घालायला?"

"तुम्हीच कपडे टाकता, भाऊ. आणि लिहायला मला पाठवता."

"त्या बाई म्हणतात, त्याला दुसऱ्या भागात घालू. सुतारकामाच्या. मी केलेली एवढी तयारी काय चुलीत घालायची?"

"तुम्ही भिंतीची तयारी केलीत. पोराची नाही."

एखादा माणूस इथे गप्प झाला असता. विमेवाला मात्र लोकांना नको असलेल्या गोष्टी गळ्यात मारून मोठा झाला होता. त्याने मान तिरपी केली. "आणि स्वतःच्या मुलीचं काय लिहिलंत? तेही ऐकू द्या की. गल्लीत सगळ्यांचं बघता, तिचंही बघितलं असेल."

मावशीच्या हातातली इस्त्री उभीच राहिली. कांबळ्यावर वाफ पसरत गेली.

"नाही माहीत," ती म्हणाली. "तिचं मला काही माहीत नाही."

विमेवाल्याला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. तो थोडा वेळ वाट बघत उभा राहिला, मग शर्ट घ्यायचे विसरूनच जिना चढून गेला.

पडदा सरकला. मुलगी बाहेर आली, बापाच्या अंगाला उभी राहिली. "आई, तो कागद दे."

"कशाला?"

"दुसरा प्रश्न तू लिही. पहिला आणि तिसरा मी लिहिते." तिने पेन पुढे केलं. "पण तू वाचायचं नाहीस."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. नाक मावशीचंच, हनुवटी वर. वर्षभरात पोरगी टेबलाहून बरीच उंच झाली होती. मावशीने पेन घेतलं आणि दुसऱ्या प्रश्नापुढे, कशाला घाबरतं याच्यापुढे, लिहिलं: आईच्या तोंडाला. मुलीने ते वाचलं, पण खोडलं नाही. तिने कागद पडद्याआड नेला. बऱ्याच वेळाने तो घडीवाल्याच्या हातात आला, आणि त्याने त्याची अशी घडी घातली, की अक्षराची एकही कड बाहेर दिसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी तो कागद घेऊन निघाली. शाळा काही लांब नव्हती, पण त्या दिवशी ती लांब झाली. औषधांच्या दुकानाच्या आडोशाला ती थांबली. तिने कागद हातात धरला. अंगठ्याने घडीची कड थोडी उचलली. हजारो खिसे उलटे केलेली ती बोटं, त्यांना त्याशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. समोरच्या काचेत तिला स्वतःचं तोंड दिसलं, दुसऱ्याच्या कपड्यावरचा डाग बघताना व्हायचं तसं. तिने कड परत दाबली, नखाने पक्की केली आणि चालू लागली.

बाईंनी कागद उलगडला, वाचला. मावशी फळ्याकडे बघत उभी राहिली. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "शिवणाच्या भागात घालते तिला. तुमची हरकत?"

"तिची आहे का?"

"नाही."

"मग माझी कशी असेल."

ती परतली तेव्हा विमेवाल्याचे शर्ट आणि त्याच्या पोराची धुवायची पॅंट टेबलावर पडून होती. तिने सवयीने पॅंटचा खिसा उलटा केला. एक तिकीट पडलं. घडीवाल्याने वर पाहिलं आणि किस्स्याची वाट बघत हात थांबवला. मावशीने तिकीट डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि इस्त्री उचलली.

"त्या माणसाच्या कॉलरी बघ," ती म्हणाली. "मानेपेक्षा दोन बोटं मोठ्या. कुणाचीच मापं घेता येत नाहीत त्याला."

"हं," घडीवाला म्हणाला. पडद्याआड कुणीतरी हसू दाबलं.